उन्हाळ्याचा खर्च कुणाच्या वहीत?

मला हिशेब लिहायची खोड आहे. लग्न होऊन अकोल्याला आले तेव्हा सासूबाईंनी किल्ल्यांच्या आधी किराण्याची वही हातात दिली, आणि ती सवय आजतागायत सुटलेली नाही. घरातली मंडळी हसतात. "तुझ्या मोबाइलमध्ये सगळं येतं की आपोआप," असं मुलगा म्हणतो. येतं, पण त्यात कोथिंबिरीची जुडी येत नाही.

२०२४ च्या मे महिन्यात मी मुद्दाम एक वेगळं पान पाडलं आणि वर लिहिलं, 'उन्हाळा'. म्हटलं, एकदा बघूच तरी हा उन्हाळा आपल्याला कितीला पडतो. तुम्हाला आठवत असेल, तो मे आमच्याकडे कसा गेला ते. पारा ४५ च्या वर चढून बसला होता आणि २५ मे रोजी जिल्हाधिकाऱ्यांनी चक्क १४४ कलम लावलं. तेव्हा दंगलीसाठी लावायचे तेच हे कलम, आणि तेही उन्हासाठी! खासगी आस्थापनांनी कामगारांना पिण्याचं पाणी, पंखे द्यावेत, दहा ते पाच शिकवणीचे वर्ग घेऊ नयेत, असा तो हुकूम होता. महिनाअखेरपर्यंत तो लागू होता.

तर माझं पान. विजेचं मार्चचं बिल हजाराच्या आसपास होतं, ते मे महिन्यात चार हजारांच्या वर गेलं. कूलरच्या ताट्या बदलल्या, पंप जळला तो नवा बसवला. दोनदा दूध नासलं. नळाला दिवसाआड पाणी आणि कूलर तर दिवसाला पन्नास-साठ लिटर सहज पितो, म्हणून शेजारच्या वहिनींबरोबर अर्ध्या भागीत टँकर मागवला. लिंबं, ताक, पन्ह्याचा गूळ, ओआरएसच्या पुड्या. सगळं धरून नेहमीपेक्षा पाच हजारांवर रक्कम जास्त गेली. मी ते पान आमच्या मावशींना दाखवलं. मावशी म्हणजे आमच्याकडे धुणीभांडी करतात त्या. मला वाटलं, त्या "अगं बाई!" म्हणतील. त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या, सहा दिवसांच्या आजारपणातून नुकत्या उठलेल्या. म्हणाल्या, "ताई, तुमी लिवता हे बरं हाय. एखांद्या रोजी माहाही हिशेब लिवा ना. मलेही कळू द्या, पैसा कुठी जाते तं."

मग तिथेच, त्याच पानाच्या मागच्या बाजूला, आम्ही दोघींनी तो लिहिला.

मागच्या बाजूचा हिशेब

मावशी चार घरी जातात. प्रत्येक घरचे महिना बाराशे, म्हणजे अठ्ठेचाळीसशे. पहिलं घर सकाळी आठला, आणि चौथं, म्हणजे आमचं, दुपारी बारा-साडेबाराला. मधली सगळी ये-जा पायी. त्यांचं स्वतःचं घर टिनाचं. टिन तसा रात्री लवकर निवतो, पण तीन बाजूंनी लोकांच्या सिमेंटच्या भिंती दिवसभराची आग रात्रभर ओकत असतात, आणि डासांमुळे दार उघडं ठेवता येत नाही. "रातभर झोप नाही लागत जी. पहाटे कुठी डोळा लागते, तं नळ येते."

अशाच एका दुपारी त्या आमच्याकडून परत जाताना चौकात चक्कर येऊन पडल्या. सहा दिवस घरी. त्या सहा दिवसांचे दिवसाला चाळीस प्रमाणे तीन घरांनी पूर्ण कापले, म्हणजे सातशेवीस. खासगी डॉक्टरांकडे दोन सलाईन आणि औषधं, अठराशे. ते पैसे नव्हतेच, म्हणून बचत गटातून दोन हजार उचलले, शेकडा दोन रुपये महिन्याच्या व्याजाने. मुलगा मिस्त्रीच्या हाताखाली जातो. दुपारी बारानंतर काम बंद, म्हणून त्याला अर्धीच हजेरी मिळत होती, तेव्हा तोही काही हातभार लावू शकला नाही.

आणि चौथ्या घराने किती कापले? ते लिहिताना माझा हात अडखळला. चौथ्या घराने, म्हणजे मी, मोठ्या मनाने चारच दिवस भरून दिले होते आणि दोन दिवसांचे ऐंशी रुपये कापले होते. मावशींनी तो आकडा सांगितला तसा मी लिहिला. त्या काहीच बोलल्या नाहीत. बेरीज झाली दोन हजार सहाशे, व्याज वेगळं. म्हणजे निम्म्या महिन्याची कमाई गेली. माझ्या पाच हजारांनी आमच्या घरात एकाही जेवणातला पदार्थ कमी झाला नव्हता.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले. पेपरात उन्हाचं नुकसान नेहमी अब्जांत आणि टक्क्यांत येतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ मध्ये एक अहवाल काढला, त्यात म्हटलंय की, वाढत्या उष्म्यामुळे २०३० साली भारतातले कामाचे ५.८ टक्के तास वाया जातील. पूर्ण वेळच्या नोकऱ्यांत मोजले तर ते ३ कोटी ४० लाख नोकऱ्यांइतके. ३ कोटी ४० लाख म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. मावशी बारा वाजता आमच्या ओट्याशी मिनिटभर टेकतात, भांडं हातातून खाली ठेवतात आणि पाणी मागतात, तोच तो वाया गेलेला वेळ. तो कुणी तरी देशभर मोजला, इतकंच.

माणसाचं शरीर काम करताना आतून तापतं. ती उष्णता बाहेर टाकायला घाम येतो, आणि घाम वाळला तरच अंग निवतं. आमच्या विदर्भात हवा कोरडी, घाम पटकन वाळतो, पण अंगातलं पाणी किती गेलं ते कळतच नाही. मुंबई-कोकणाकडे उलट. पारा कमी, पण हवेत दमट इतकी की घाम वाळायचा नावच घेत नाही. म्हणून "आमच्याकडे काही पंचेचाळीस होत नाही" असं तिकडच्या मैत्रिणींनी म्हणू नये. २०२३ च्या एप्रिलमध्ये नवी मुंबईत खारघरला उघड्या मैदानातल्या सरकारी सोहळ्यानंतर १४ माणसं उष्माघाताने गेली, त्या दिवशी पारा अडतिसाच्या आसपासच होता.

झोपेचे पैसे

वाचलेल्यातली एक गोष्ट मला फार लागून राहिली. रोहिणी सोमनाथन आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी आपल्या देशातल्या कारखान्यांचा अभ्यास केला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षाचं तापमान एका अंशाने वाढलं की कारखान्याचं उत्पादन सुमारे दोन टक्क्यांनी घटतं, असं त्यांना आढळलं. आता यावर मालक म्हणेल, कारखाना थंड करू. केला, तर कामाचा वेग बऱ्यापैकी टिकतो. पण गैरहजेरी मात्र कमी होत नाही! का, तर कामगार राहतो त्याच्या घरी, आणि घर तर तापलेलंच. रात्री झोप नाही, मूल आजारी, पाणी भरायचं. आपण बायकांनी हे कुठल्याही अभ्यासाशिवाय सांगितलं असतं, पण आपल्याला विचारतो कोण?

दुसरा एक अभ्यास बंगळूरच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांचा. तिथे शिवणयंत्रांवर बहुतेक बायकाच. मालकांनी विजेची बचत म्हणून जुने दिवे काढून एलईडी लावले. त्यांची उष्णता कमी. तर नुसत्या तेवढ्याने कडक उन्हाच्या दिवसांत शिलाईचं काम पूर्वीइतकं घसरेनासं झालं. दिव्याची धग आपल्याला जाणवतसुद्धा नाही, पण डोक्यावर आठ तास असली म्हणजे पैशात दिसते.

आमच्या गल्लीत भाजीची गाडी येते, त्या ताईंचंही मी विचारून पाहिलं. मेथी, पालक, कोथिंबीर सकाळी सहाला बाजारातून उचललेली. नऊपर्यंत जी गेली ती गेली. अकराला जुडी मान टाकते, आणि मग आपणच जाऊन म्हणतो, "सुकलेली आहे, दहाला दोन द्या." त्या देतात. फेकण्यापेक्षा बरं, म्हणून. गोणपाट ओलं करून झाकायचं तर पाणी लागतं, आणि पाणी भर चौकात कोण देणार? उन्हाळ्याचे दोन महिने त्यांनी पालेभाजी आणणंच बंद केलं, नुसते कांदे-बटाटे आणि भोपळा. धोका कमी, आणि नफाही तसाच कमी.

पापड-कुरडयांचं तेवढं बरं असेल असं मला वाटलं होतं. वाळवणाला ऊन हवंच ना! पण आमच्या ओळखीच्या बचत गटातल्या बायका म्हणाल्या की, पूर्वी सकाळी सातला चीक शिजवायला घ्यायच्या, आता पहाटे तीनला घ्यावा लागतो. नऊनंतर गच्चीवर पाय ठेववत नाही. शिवाय आत भट्टी, बाहेर भट्टी. मागणी असूनही त्यांनी गेल्या मोसमात निम्म्याच ऑर्डरी घेतल्या.

ताटातलं ऊन

आपल्या वहीत उन्हाळा आणखी एका वाटेने शिरतो, आणि तो मे महिन्याच्या पानावर दिसत नाही. २०२२ चा मार्च आठवा. हवामान खात्याच्या १२२ वर्षांच्या नोंदींतला सर्वांत तप्त मार्च होता तो. पंजाब-हरियाणात गव्हाचा दाणा नेमका तेव्हा भरत असतो. उष्म्याने दाणा बारीक पडला. ११ कोटी १३ लाख टनांचा सरकारी अंदाज १० कोटी ६४ लाखांवर आणावा लागला आणि १३ मे रोजी निर्यात बंद करावी लागली. त्याच उन्हाळ्यात एक लिंबू दहा रुपयांना घेतल्याचं माझ्या वहीत आहे. आमच्या अकोल्याकडे कागदी लिंबाच्या बागा आहेत, तरी ही गत! नागपूरकडच्या संत्र्याचंही तसंच. आंबिया बहाराची लहान फळं मे-जूनच्या तावात गळून पडतात. म्हशीचं कातडं काळं, घामाच्या ग्रंथी कमी. ती उन्हात चारा सोडते आणि दूध कमी देते. टोमॅटोचा फुलोरा जास्त उष्म्यात गळतो, आणि आज गळलेलं फूल दोन महिन्यांनी आपल्याला ऐन पावसाळ्यात महाग पडतं. तेव्हा आपण व्यापाऱ्याला शिव्या देतो. व्यापारी काही साधा नसतो हे खरं, पण दर वेळी दोष त्याचाच असतो असं नाही.

विमा, तोही उन्हाचा

हे सगळं वाचून जीव उदास झाला असताना एक चांगली गोष्ट सापडली, ती मुद्दाम सविस्तर सांगते. अहमदाबादेत इला भट्ट यांनी १९७२ मध्ये सुरू केलेली 'सेवा' ही कष्टकरी बायांची संघटना आपल्याला ठाऊक आहे. मिठागरात राबणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या, हातगाडी लावणाऱ्या बाया तिच्या सभासद. या संघटनेने २०२३ मध्ये गुजरातच्या पाच जिल्ह्यांत २१ हजार सभासद बायांसाठी उन्हाचा विमा काढला. यात डॉक्टरचं प्रमाणपत्र नको, पावती नको. पारा ठरावीक अंशांवर गेला आणि ठरावीक दिवस तिथे राहिला की पैसे बायांच्या खात्यात जमा होणार. पहिल्या वर्षी पारा त्या रेषेला पोचलाच नाही, तेव्हा एक पैसा मिळाला नाही. साहजिकच कुरकुर झाली.

मग २०२४ मध्ये योजना बदलली. राजस्थान, गुजरात आणि आपला महाराष्ट्र मिळून २२ जिल्ह्यांत ५० हजार बाया. प्रत्येकीने अडीचशे रुपये भरले, बाकीचा भार मदत करणाऱ्या संस्थांनी उचलला. पारा ४० वर गेला की सरसकट चारशे रुपये, आणि त्याहून तीव्र लाट आली तर वर विम्याची रक्कम. त्या मे महिन्यात ४६ हजारांवर बायांना विम्याचे १५१ पासून १,६५१ रुपयांपर्यंत मिळाले. रक्कम लहान आहे, मला मान्य आहे. पण मावशींच्या हिशेबाशेजारी ठेवून बघा. त्या दोन हजारांच्या कर्जातला चांगला हिस्सा भागला असता. आणि मुख्य म्हणजे, पैसे येणार हे ठाऊक असतं तर पाचव्या दिवशी अंगात ताप घेऊन त्या कामावर यायला निघाल्या नसत्या. (निघाल्या होत्या. मुलाने परत नेलं.)

अहमदाबादेने हे धडे महाग शिकलेत. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ वर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. त्यानंतर २०१३ मध्ये तिथल्या महापालिकेने उष्णतेच्या लाटेसाठी कृती आराखडा केला, दक्षिण आशियातला पहिला. आधी इशारा, दवाखान्यांत तयारी, पाणपोया, आणि पुढे वस्त्यांतली छपरं पांढरी करणं. तेलंगण सरकारने २०२५ च्या एप्रिलमध्ये उष्णतेच्या लाटेला राज्याची आपत्ती ठरवून उष्माघाताने गेलेल्याच्या घरच्यांना चार लाख द्यायचं ठरवलं. मात्र माणूस जगला आणि सहा दिवस घरी पडून राहिला, त्याला कोण देणार, हा मावशींचा प्रश्न उरतोच. आमच्याकडचा तो १४४ कलमाचा हुकूमही दुकानांना, कारखान्यांना. चार घरची भांडी घासणाऱ्या बाईला तो कुठून लागू व्हायचा! तिची आस्थापना म्हणजे आपली स्वयंपाकघरं.

आपल्या हातातलं

सल्ल्याशिवाय तुम्ही मला सोडणार नाही, म्हणून थोडं तेही. सिमेंटच्या गच्चीला उन्हाळ्याआधी चुन्याचे दोन हात द्या. चुना रात्रभर भिजवून गाळून घ्यावा, त्यात डिंक किंवा फेव्हिकॉल घालावा म्हणजे हाताला आणि पायाला लागत नाही. गच्ची आधी स्वच्छ झाडून ओली करून घ्या. पावसात निघून जातो, पुढच्या वर्षी पुन्हा द्यायचा. टिनावर चुना टिकत नाही, तिथे पांढरा रंग लावावा. आमच्या इकडे टिनावर पऱ्हाट्या आणि तुराट्या पसरतात. सावली चांगली होते, पण विजेची तार किंवा चूल जवळ असेल तर तो उद्योग करू नका, ठिणगी पुरते.

कूलर खिडकीच्या बाहेर हवा आणि समोरची दुसरी खिडकी थोडी उघडी हवी. दारं-खिडक्या बंद करून कूलर लावला की खोलीत नुसती दमट वाफ. कडक तापलेल्या कोरड्या हवेत नुसता पंखा गरम वाराच अंगावर फेकतो, तेव्हा अंगावर ओलं फडकं घेऊनच पंख्याखाली बसा. आणि बिलाचं गणित ध्यानात ठेवा, शंभर युनिटांनंतर दर जवळजवळ दुप्पट होतो. दीड टनाचा एसी तासाला दीड युनिटापर्यंत खातो, तेवढ्यात कूलर सहा-सात तास चालतो.

ओआरएसची पुडी नसेल तर लिटरभर उकळून निववलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. मीठ अंदाजाने टाकू नका. चक्कर, मळमळ, पायात गोळे आले तर सावलीत बसून हे पाणी घोट घोट प्यावं. पण माणूस बरळू लागला, अंग तापून निघालं, शुद्ध हरपू लागली, तर तोंडात काही ओतू नका. अंगावर पाणी मारा, वारा घाला, १०८ ला फोन करा. घामाने अंग ओलं असलं तरी उष्माघात असू शकतो, तेव्हा 'घाम येतोय म्हणजे बरं आहे' या समजात राहू नये.

राहिला मावशींचा विषय. २०२५ च्या एप्रिलपासून त्या आमच्याकडे सकाळी साडेसहाला येतात. माझी सकाळची झोप गेली, आणि रात्रीची भांडी रात्रीच विसळून ठेवावी लागतात, म्हणून घरात कुरबुर झाली. एप्रिल-मे मिळून आठ दिवस भरपगारी, आजारी पडल्या किंवा पारा पंचेचाळीसवर गेला तर. ते ऐंशी रुपयेही मी परत दिले. त्यांनी घेतले, आणि मुकाट्याने पदराला गाठ मारली.

बाकी तीन घरांशीही मी बोलले. एका घरी लगेच हो म्हणाले. दुसऱ्या घरच्या काकू म्हणाल्या, "आज उन्हाचं, उद्या पावसाचं, परवा थंडीचं. तू सवय लावून ठेवतेस आणि निस्तरायचं आम्ही!" त्यांचंही अगदीच खोटं नाही, त्यांच्या घरात एकटी पेन्शन येते. त्यांच्याकडे सुट्टी नाही, पण निदान वेळ दुपारवरून सकाळवर आणायला त्या तयार झाल्या. तिसऱ्या घरी सुनेने "यांना विचारून सांगते" म्हटलंय. अजून सांगितलेलं नाही. मावशी अजूनही सकाळी अकराला त्यांच्याकडेच जातात, डोक्याला ओला दुपट्टा बांधून.